अण्णांचं चित्रातलं इंग्रजी

गेल्या आठवड्यात आमच्या गारखेड्यातल्या फ्लॅटची दारं रंगवायला काढली. दुपारी रंगाऱ्यानं ब्रश धुवायला टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि स्वयंपाकघरात वरण घोटता घोटता माझा हात थांबला. घरातले बाकीचे नाकाला रुमाल लावून खिडक्या उघडत फिरत होते. मी मात्र रंगाऱ्याला पाणी द्यायच्या निमित्तानं त्या बाटलीजवळ जाऊन उभी राहिले. तो वास आला की माझ्यासाठी संध्याकाळचे साडेसहा वाजतात. मुकुंदवाडीच्या स्टेशनामागच्या आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या, स्टोव्हवर चढलेला चहा, आणि दारात वाकून सावकाश चपला काढणारे अण्णा. त्यांच्या सदऱ्याला असाच वास यायचा. टर्पेंटाइनचा, जवसाच्या तेलाचा, आणि त्याखाली कुठंतरी त्यांचा स्वतःचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते काही चित्रकार नव्हते. चित्रं काढणारे दुसरे असायचे, अण्णा त्यांच्यासमोर बसायचे.

त्याआधी ते वाळूजच्या एका कारखान्यात होते. मी सातवीत असताना पाठीला पट्टा बांधून ते घरी आले ते पुन्हा कामावर गेले नाहीत. काय झालं, कसं झालं, हे आमच्याकडं कधी बोललं गेलं नाही आणि मलाही आता ते उकरायचं नाही. त्या उन्हाळ्यातल्या मला दुसऱ्याच गोष्टी आठवतात. मलमाचा झोंबरा वास. दुपारी तापून टक्‌ टक्‌ वाजणारा पत्रा. ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले अण्णा आणि समोरून जाणाऱ्या गाड्या. आई पहाटे खानावळीत पोळ्या लाटायला जायची. जाताना ती अण्णांच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवायची, आणि तेवढा वेळ दोघं एकमेकांकडं बघायची नाहीत. सुट्टीच्या दिवशीही ज्याच्यानं बसवत नव्हतं, असा माणूस दिवसभर बसलेला बघायची आम्हाला कुणालाच सवय नव्हती.

एक दिवस गल्लीतले काशिनाथकाका आले. ते चित्रकलेच्या कॉलेजात शिपाई होते.

"उत्तमराव, आमच्या कॉलेजात माणूस पायजे. बसायला."

"कशाला बसायला?"

"नुस्तं बसायला. पोरं समोर बसून तसबीर काढतेत."

आतून आईचा आवाज आला, "नुस्तं बसायचं असंल तर आमच्याकडं लई अनुभवी माणूस हाय."

आणि अण्णा हसले. त्या उन्हाळ्यात त्यांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

पहिल्या दिवशी ते परत आले ते कारखान्यातून यायचे त्याहून जास्त थकून. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेले होते, त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. पण ओट्यावर टेकले आणि लगेच उठून उभे राहिले.

"अर्धा घंटा हलायचं नाय, माय," ते मला म्हणाले. "नाकावर माशी बसली. तिला बी कळलं का हा माणूस हलत नाय. नाकावरून गालावर, गालावरून पुन्हा नाकावर. पायाभोवती खडूनं रेघ मारतेत. उठलं, पाय मोकळे केले, का पुन्हा त्याच रेघंत पाय ठिवायचा."

"मग उद्या नाही ना जाणार?"

"जाणार की. काम हाय ते. मला वाटलं हुतं बसणं म्हंजे आराम. आरामाला तिथं रेस्ट म्हणतेत. बसणं म्हंजे पोज. दोन्ही येगळं."

असे आमच्या घरात अण्णांचे पहिले दोन इंग्रजी शब्द आले.

मग रोज येऊ लागले. दुसऱ्यांचे वडील संध्याकाळी येताना पेरू आणायचे, चिवडा आणायचे. माझे वडील शब्द आणायचे. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मराठी पेपर बोट ठेवून वाचायचे. इंग्रजीत कुणाकडं पाणी मागता आलं नसतं, पण कॉम्पोझिशन म्हणायचे, प्रोफाईल म्हणायचे. मी वहीच्या शेवटच्या पानांवर ते शब्द उतरवून घ्यायची आणि शाळेतल्या डिक्शनरीत स्पेलिंग शोधायची. अण्णा शब्द कानानं आणायचे. रिक्षात, उन्हात, मुकुंदवाडीपर्यंत येता येता तो थोडा वितळायचा. 'शिलूट', म्हणजे उजेडासमोरची नुसती काळी आकृती, हा शब्द मी चार दिवस शोधत होते. पाचव्या दिवशी सिल्हूट सापडला, तेव्हा ग्रंथालयाच्या बाई दचकल्या एवढ्या मोठ्यानं मी ओरडले.

अर्थ मात्र डिक्शनरीत बघावा लागायचा नाही. अर्थ अण्णांकडं असायचा.

"टेक्श्चर म्हंजे बघ, हात न लावता हाताला जे कळतं ते."

"कॉन्ट्रास्ट म्हंजे उन्हात उभी म्हैस."

"ड्रेपरी म्हंजे कापड. पर अंगाला लागंल तेवढं नाय, घड्या पडतील तेवढं." ही ड्रेपरी म्हणजे एक फाटकी घोंगडी होती. अण्णा रोज इस्त्रीचा सदरा घालून जायचे आणि तिथली मुलं त्यावर ती घोंगडी पांघरायची. अण्णांना ती आवडायची नाही, पण ते बोलायचे नाहीत.

एकदा त्यांनी बॅकग्राउंड आणला. "म्हंजे मागचं. तिकडं कोणी बघत नाय, पर ते नसलं तर पुढचं उभंच राहत नाय." मग आईकडं बघून म्हणाले, "आता आपल्या घरात ही बॅकग्राउंड."

आई भाकरी थापत होती. "मला नका मागं ढकलू," ती म्हणाली. "पुढं या आन् भाकरी थापा." अण्णा खरंच पुढं सरकले. त्यांनी थापलेली भाकरी लांबट झाली. ती बघून त्यांना स्टाईल हा शब्द आठवला.

"दोन पोरांनी माझं एकच नाक काढलं. एकाचं पोपटाचं झालं, एकाचं वांग्याचं. मी म्हणलं, यातलं चूक कुणाचं? तर सर म्हणले, चूक नाय, ही त्यांची स्टाईल. मला तर असं कळलं, आपली चूक रोज एकसारखी व्हाया लागली का तिला स्टाईल म्हणतेत."

"मग भाकरीची ही स्टाईल उद्या दाखवू नका," आई म्हणाली.

अण्णांना हे अर्थ समजावून सांगायची ती रेवती. जालन्याहून शिकायला आलेली, शेवटच्या वर्षाची. मी तिला तोवर पाहिलं नव्हतं, पण आमच्या घरात ती रोज यायची. रेवतीताई असं म्हणली, रेवतीताईनं कोळशानं डोळे काढले, रेवतीताईनं रेस्टमध्ये चहा पाजला. कोळशाची रेघ खोडायला तिथं रबर चालत नाही, पावाचा मऊ गर लागतो. उरलेल्या पावाच्या कडा ती कागदात बांधून अण्णांबरोबर द्यायची. त्यांच्यावर काळी बोटं उमटलेली असायची. मी ती बोटं चहात बुडवून खायची. ती चव पुन्हा कुठल्याच पावाला आली नाही.

एवढं सगळं मला आवडत होतं, आणि तरी शाळेत मी कुणाला सांगितलं नव्हतं. मैत्रिणी विचारायच्या, "तुझे वडील काय करतात?" मी म्हणायची, "कॉलेजात आहेत." त्या समजायच्या क्लार्क. एकीला वाटायचं प्रोफेसर. मी तिचं वाटणं मोडायची नाही. बसतात, असं कसं सांगायचं? एकदा मी घरी विचारलं, "अण्णा, तुमच्या कामाला इंग्रजीत काय म्हणतात?"

"मॉडेल."

"म्हणजे?"

अण्णांनी विचार केला. "म्हंजे नमुना."

"व्हय," आई म्हणाली, "नमुनाच हाय." आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी हसले नाही. हा शब्द मी वहीत लिहिला, पण शाळेत नेला नाही.

मी आठवीत होते त्या वर्षी थंडीत कॉलेजचं प्रदर्शन भरलं. हरभऱ्याची ढाळं बाजारात आली होती. अण्णांनी आम्हा दोघींना न्यायचं ठरवलं. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. अण्णांच्या सदऱ्याला आदल्या दिवशीच इस्त्री झाली होती.

कॉलेजच्या आवारात कडुलिंबाची झाडं होती आणि सगळीकडं तोच वास होता. मला वाटलं, आपण अण्णांच्या सदऱ्याच्या आत आलोय. लांबलचक हॉलमध्ये चित्रं टांगली होती. ओळखीचे शब्द भिंतीवर चढून बसले होते. मी आईला दाखवत होते, हे बघ प्रोफाईल, एकाच बाजूनं दिसणारा चेहरा, आणि ही ड्रेपरी. आई लुगड्याचा पदर घट्ट धरून नुसती मान हलवत होती. आणि मग आम्ही रेवतीच्या चित्रासमोर आलो.

माझ्या उंचीएवढं चित्र होतं. घोंगडी पांघरून अण्णा बसले होते. हाताच्या शिरा, नखातली काळी रेघ, कपाळावर खिडकीतून आलेला उजेड. आई पुढं झाली आणि चित्रातल्या हाताकडं बघत राहिली. "हात बरोबर आलाय," ती हळूच म्हणाली. "हाच हाय."

चित्राखाली इंग्रजीत टाइप केलेली पट्टी होती.

"काय लिवलंय गं?" अण्णांनी विचारलं.

मी आधी खालची ओळ वाचली. "ऑइल ऑन कॅनव्हास."

"ते म्हाईत हाय. वरची वाच."

वरच्या ओळीत दोनच शब्द होते आणि दोन्ही पाचवीच्या पुस्तकातले होते. पुअर मॅन. क्षणभर वाटलं, दुसरंच काहीतरी सांगावं. म्हातारा राजा, शेतकरी, काहीही. अण्णांना कळलं नसतं. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी होते. पण सहा-सात महिने त्यांनी मला एकेक शब्द आणून दिला होता, आणि अर्थ सांगताना कधी मला फसवलं नव्हतं.

"गरीब माणूस," मी म्हणाले.

आईनं चित्रावरची नजर काढली. "चला घरी," ती म्हणाली.

अण्णा हलले नाहीत. पोज दिल्यासारखे उभे राहिले. मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी मैत्रिणींशी बोलत होती, तिच्याकडं चालू लागले. आम्ही दोघी त्यांच्यामागं गेलो.

"काका! आलात?" ती आनंदानं पुढं आली. म्हणजे ही रेवती. लहानखुरी, बोटांना निळा रंग. "कसं वाटलं?"

"लई भारी. शीर न्‌ शीर सोडली नाय तुम्ही. एक इचारू? त्या पट्टीवर गरीब माणूस असं लिवलंय म्हणती माझी पोरगी."

रेवतीचा चेहरा बदलला. "काका, ते टायटल आहे. प्रदर्शनाला द्यावं लागतं. ती थीम असते, म्हणजे तसं नाही..."

"मी गरीब हाय. ते काय खोटं नाय, घरच्यांसमोर बी सांगतो," अण्णा म्हणाले. ते रागावले नव्हते. चहाचा दुसरा कप नको म्हणताना त्यांचा आवाज असायचा, तसाच होता. "पर दोन महिने तुम्ही माझ्याकडं बघितलं, रेवतीताई. मला इतकं कोणीच कधी बघितलं नव्हतं. आन् शेवटी दिसलं ते यवढंच?"

ती बोटांवरचा निळा रंग अंगठ्यानं पुसत राहिली. मग तिनं विचारलं, "काका, तुमचं पूर्ण नाव काय?"

दोन महिन्यांत तिनं ते विचारलं नव्हतं, आणि हे तिला त्याच वेळी कळलं, हे तिच्या डोळ्यांत दिसलं. अण्णांनी हात सरळ केले, शाळेत हजेरी देताना मुलं उभी राहतात तसे उभे राहिले आणि सांगितलं, "उत्तम केरबा." मग आडनावही सांगितलं, नीट, सावकाश.

पांढऱ्या दाढीचे तिचे सर जवळ आले होते. "काय चाललंय?"

"सर, मला टायटल बदलायचंय."

"यादी छापून झाली. चार वाजता परीक्षक येतील."

"मग यादीत चूक राहू दे, सर."

सरांनी तिच्याकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं, आमच्या दोघींकडंही पाहिलं. मग म्हणाले, "पोर्ट्रेट ऑफ असं लिही आणि पुढं नाव. इतके दिवस ती तुझी स्टडी होती."

रेवतीनं कोरी पट्टी आणली. तिनं पेन माझ्या हातात दिलं. "तू लिही. तुला स्पेलिंग येत असेल." मी अण्णांचं नाव इंग्रजीत त्याआधी फक्त शाळेच्या फॉर्मवर लिहिलं होतं. त्या दिवशी गुडघ्यावर पट्टी धरून मी ते एकेक अक्षर सुटं लिहिलं, आणि अण्णा वाकून बघत राहिले, जणू वाचता येत होतं.

चित्राला बक्षीस मिळालं नाही. ते एका स्टिल लाइफला मिळालं, पितळेचं पातेलं आणि चार कांदे. अण्णांनी त्याच्याही समोर बराच वेळ काढला आणि म्हणाले, "नाय, कांदे खरंच लई चांगले हायत."

परतताना आईनं ढाळं घेतली. रिक्षात सहा माणसं कोंबलेली. आई एकेक घाटा सोलत होती आणि हिरवे दाणे अण्णांच्या तळव्यावर ठेवत होती. मुकुंदवाडी येईपर्यंत तिनं स्वतः एकही दाणा खाल्ला नाही. त्या रात्री जेवताना अण्णा मला म्हणाले, "वहीत लिव. स्टडी म्हंजे अभ्यास. पोर्ट्रेट म्हंजे माणूस."

पुढच्याच महिन्यात इंग्रजीच्या बाईंनी निबंध दिला, माय फादर. मी पहिल्या ओळीत लिहिलं, माय फादर इज अ मॉडेल. वही परत आली तेव्हा मॉडेलवर लाल काट होती आणि वर बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ॲन आयडियल फादर. आदर्श पिता. बाईंची चूक नव्हती. तो अर्थही डिक्शनरीत होता, आणि चांगला होता. मी तो तसाच ठेवला असता तर कुणालाच काही कळलं नसतं.

मी उभी राहिले. "बाई, आयडियल नाही. मॉडेल. माझे वडील चित्रकलेच्या कॉलेजात बसतात. मुलं त्यांचं चित्र काढतात."

मागून कुणीतरी हसलं. ज्या मैत्रिणीला प्रोफेसर वाटायचं तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "अजिबात हलत नाहीत?"

"अर्धा तास."

"माशी बसली तरी?"

"माशी बसली तरी."

बाईंनी माझी वही मागून घेतली, आपली लाल काट स्वतःच खोडली आणि विचारलं, "ते आपल्या शाळेत येतील का गं?"

अण्णा आले. एका शनिवारी सकाळी चित्रकलेच्या तासाला. घोंगडी नव्हती. पांढऱ्या सदऱ्यातच टेबलावर ठेवलेल्या खुर्चीत बसले. बसण्याआधी त्यांनी वर्गाला आपलं पूर्ण नाव सांगितलं. पुढं कॉलेजातही ते प्रत्येक नव्या वर्गासमोर असंच करायचे, असं काशिनाथकाका सांगायचे. मग त्यांनी नजर खिडकीबाहेर एका जागी ठेवली आणि ते थांबले.

माझ्यासमोर कागद होता आणि मला काही सुचत नव्हतं. वर्गातल्या सगळ्या मुली मिशा काढत होत्या, एकीनं तर मिशा कागदाबाहेर नेल्या. मी बघत होते. एक डोळा दुसऱ्याहून थोडा लहान होता. हनुवटीखाली दाढी करताना कापल्याची जुनी खूण होती. डाव्या कानाची वरची कड किंचित दुमडलेली होती, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडतात तशी. लहानपणी मी या माणसाच्या खांद्यावर बसले होते, त्याच्या ताटात जेवले होते, त्याचे शब्द वहीत भरले होते. आणि तो कान मी कधी पाहिला नव्हता. अर्धा तास मी माझ्या वडिलांकडं बघितलं. एवढा वेळ मी त्यांच्याकडं आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही कधी बघितलं नाही.

तास संपल्यावर ते खाली उतरले, पाय झटकले आणि बाकांमधून फिरत एकेकीचं चित्र बघू लागले. प्रत्येकीला काहीतरी चांगलं सांगत होते. माझ्यापाशी आले. माझ्या कागदावर चेहरा नव्हताच. मधोमध एक कान होता.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

त्यांनी आपल्या कानाला हात लावला, कड चाचपली, आणि कागद खिडकीकडं धरला. "असा हाय व्हय तो," ते म्हणाले. "मला बी म्हाईत नव्हतं."

शब्दांची ती वही पुढं घर बदलताना कुठं गेली कळलं नाही. कानाचा कागद पत्र्यातून गळलेल्या पाण्यानं भिजला. रेवतीचं चित्र तिच्याबरोबर जालन्याला गेलं असेल, किंवा कुठंही. मी बजाजनगरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, स्टुडिओत काढलेला. त्यात ते ताठ, समोर बघतायत आणि टोपीखाली कानांच्या वरच्या कडा झाकल्या गेल्यात. पाहुणे विचारतात तेव्हा मी तोच फोटो दाखवते.

मला चित्रकला येत नाही. पण शिक्षकांच्या बैठकीत, फोनवर बोलताना, कागदाच्या कडेला माझं पेन आपोआप फिरत राहतं. थांबून बघते तेव्हा तिथं वरची कड दुमडलेला एक कान असतो.